तुम्ही विचारलंत म्हणून: परेरा म्हणजे कुठले?

एकतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. दर जूनला नव्या वर्गात फळ्यावर नाव लिहिलं की मागच्या बाकावरून प्रश्न यायचाच, "सर, परेरा म्हणजे तुम्ही पोर्तुगालचे का?" आता निवृत्त झालो, तरी लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नाव पुकारल्यावर शेजारी बसलेले हेच विचारतात. त्याला जोडून दुसरा प्रश्न, "मग मराठी एवढं चांगलं कसं?" आणि क्रिकेटवाले असतील तर तिसरा, "श्रीलंकेचा कुसल परेरा तुमच्यातलाच ना?" २०१९ साली त्याने डरबनला नाबाद १५३ धावा करून कसोटी जिंकून दिली, तेव्हा आठवडाभर लोक माझं अभिनंदन करत होते.

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला ठाऊक आहे. पण लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज सावकाश सांगतो.

आधी अर्थ. पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे पेअर, आपण ज्याला नासपती म्हणतो ते फळ. त्याला 'एइरा' जोडलं की झाड होतं: पेरेइरा, म्हणजे पेअरचं झाड. ऑलिव्हच्या झाडावरून ओलिव्हेरा, अंजिराच्या झाडावरून फिगेरा, अक्रोडाच्या झाडावरून नोगेरा. कार्व्हालो म्हणजे ओक. फेरेरा ऐकायला यांच्यातलाच वाटतो, पण तो झाडांतला नाही, लोखंडावरून आला. ही नावं आमच्या भागात इतकी रुळलीत की त्यांच्या आत कधी झाडं होती हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

झाडाचं नाव माणसाला कसं लागलं? आपल्याकडे वडगावकर आणि पिंपळगावकर झाले, अगदी तसंच. पेअरची झाडं होती म्हणून जागेचं नाव परेरा पडलं आणि त्या जागेचा जमीनदार 'द परेरा' झाला. हा 'द' म्हणजे आपला 'कर'च. उत्तर पोर्तुगालमध्ये बाराव्या शतकाच्या शेवटी रुई गोन्साल्विस नावाचा सरदार स्वतःला द परेरा म्हणवू लागला आणि तिथून हे घराणं सुरू झालं. या घराण्याच्या ढालीवर मात्र पेअर नाही. लाल रंगावर चांदीचा, टोकांना फुलोरा असलेला क्रूस आहे.

त्या घराण्यातला सर्वांत मोठा माणूस नूनो आल्वारिस परेरा. जन्म १३६०चा. १४ ऑगस्ट १३८५ रोजी आल्जुबारोताच्या लढाईत त्याच्या नेतृत्वाखाली लहानशा पोर्तुगीज सैन्याने शेजारच्या कास्तील राज्याच्या (आजच्या स्पेनमधल्या) कितीतरी मोठ्या फौजेला हरवलं आणि पोर्तुगाल स्वतंत्र राहिला. त्याच्या मुलीचं लग्न ब्रागान्साच्या पहिल्या ड्यूकशी झालं. पुढे १६४०पासून पोर्तुगालच्या गादीवर बसलेले राजे याच वंशातले. पण मला हा माणूस वेगळ्या कारणासाठी आवडतो. १४२३ साली त्याने सगळी जहागीर वाटून टाकली आणि स्वतःच बांधलेल्या लिस्बनच्या कार्मो मठात साधा बंधू म्हणून राहायला गेला. २००९ मध्ये पोपने त्याला संत म्हणून जाहीर केलं.

आमचा आणि या सरदाराचा रक्ताचा काहीही संबंध नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण आमच्यातही काहींना तसं मानायला आवडतं.

आम्ही वसईचे. वाडीत केळी, पानवेल, सोनचाफा. घरात बोली कादोडी, शाळेत मराठी, प्रार्थना मराठीत. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली, आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. बाप्तिस्मा घेताना नवं नाव मिळायचं आणि त्यासोबत आडनावही, पुष्कळदा धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाचं. तो कधी पोर्तुगीज अधिकारी असे, कधी व्यापारी, कधी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचंच नाव लागे. एकाच दिवशी बाप्तिस्मा झालेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या घरांना एकच आडनाव मिळालं आणि शेजारच्या गावातल्या सख्ख्या भावकीला दुसरं. त्यामुळे वसईत दोन परेरा एकमेकांचे कुणी नसू शकतात आणि एक परेरा नि एक लोपीस एकाच मूळ घरातले असू शकतात. आमच्या गावात नुसतं 'परेरांचं घर' विचारलंत तर कुणी सांगू शकणार नाही. विहिरीवरचे की वळणावरचे, हे सांगावं लागतं.

आमच्या समाजाला कुपारी म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला असं मानतात. मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मपिता एकमेकांचे जे लागतात, ते कोंपाद्रे. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. ज्या समाजाची आडनावं बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाकडून आली, त्या समाजाचं नावही त्याच नात्यावरून पडलं. आजही चर्चच्या वहीत बाळाच्या नावापुढे धर्मपित्याचं नाव लिहितात. आडनाव मात्र आता घरचंच लागतं.

कुसलचं उत्तरही यातच आहे. पोर्तुगीज १५०५ साली सिलोनला पोचले आणि १६५८ मध्ये डचांनी त्यांना तिथून घालवलं. तेवढ्या काळात किनाऱ्यावरच्या सिंहली घरांत परेरा, फर्नांडो, सिल्वा ही नावं रुजली. तिथली कितीतरी परेरा घराणी आज बौद्ध आहेत. देवळं बदलली, सत्ता बदलली, नाव तेवढं राहिलं.

गाडीत एकदा एका सद्गृहस्थांनी मला खात्रीने सांगितलं की झाडांची आडनावं मूळ ज्यूंची. तसं नाही. १४९७ मध्ये राजा मान्युएलने पोर्तुगालमधल्या ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा केला. त्यांना त्या काळी सर्रास असलेली ख्रिस्ती आडनावं लागली, त्यात परेराही होतं, कारण ते तीनशे वर्षं आधीपासून होतंच. पुढे छळाला कंटाळून यांतले अनेक जण ॲमस्टरडॅमला, बोर्दोला गेले आणि उघडपणे पुन्हा ज्यू झाले, पण परेरा राहिले. त्यांच्यातला जाकोब रॉड्रिग्स परेरा अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मूकबधिर मुलांना बोलायला शिकवत असे. त्याचे नातू एमिल आणि इझाक यांनी १८३७ साली पॅरिसहून सें-जर्मेंला जाणारी रेल्वे सुरू केली. मी शिक्षक असल्यामुळे असेल, पण मला त्या रेल्वेपेक्षा आजोबांचं मोठं वाटतं. मुलाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तेव्हा शिकवणाऱ्याला काय होत असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

ब्राझीलमध्ये हे नाव सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी एक आहे, आणि तिथे त्याला एक दुखरी बाजूही आहे: आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांना मालकाचं आडनाव लागायचं. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडच्या केप व्हर्दे बेटांचे पहिले राष्ट्राध्यक्षही परेराच, १९७५ चे आरिस्तिदिस परेरा. आणि कोलंबियात परेरा नावाचं अख्खं शहर आहे.

साठी उलटल्यावर मी एकदा पोर्तुगालला जाऊन आलो. लिस्बनमध्ये कार्मो पाहिला. १७५५ च्या भूकंपात त्याचं छप्पर पडलं ते पुन्हा घातलंच नाही. कमानी उभ्या आहेत आणि वर आकाश. वसईच्या किल्ल्यात लहानपणापासून अशाच बिनछपराच्या चर्चमध्ये खेळलो, त्यामुळे मला परक्या ठिकाणी आल्यासारखं वाटलं नाही. खूप वेळ बसून राहिलो.

पण जायचं होतं ते पेअरचं झाड बघायला. आयुष्यभर ज्याचं नाव लावलं ते झाड वसईत होत नाही, मी कधी पाहिलंच नव्हतं. ओबिदुशजवळ ऑगस्टच्या शेवटी तोडणी चालू होती. छातीइतक्या उंचीवर वाकलेल्या फांद्या, ओळीत लावलेली बुटकी झाडं, पिवळसर हिरवी फळं आणि त्यांच्यावर तपकिरी ठिपके. त्या जातीचं नाव रोशा. १८३६ साली सिंत्रा भागात रोशा आडनावाच्या गृहस्थाच्या जमिनीत ही जात सापडली, म्हणून. इथे फळाला माणसाचं आडनाव लागलं होतं आणि मला फळझाडाचं. बागेतल्या बाईंनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, शेजारच्या झाडाच्या खोडावर हात ठेवून हसल्या आणि एक फळ तोडून दिलं. करकरीत होतं, गोड आणि पाणीदार.

चावलं आणि मला घरचा पेरू आठवला. ते आठवणं अगदीच अकारण नव्हतं. पेरू हे फळ पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आपल्याकडे आणलं, आणि त्याचं मराठी नाव अभ्यासक 'पेरा'शीच जोडतात; कोंकणीत तर पेरूला आजही 'पेर' म्हणतात. आमच्या विहिरीजवळ आजोबांनी लावलेला पेरू आहे. आतून गुलाबी निघतो. थंडीत वटवाघळं अर्धी फळं नेतात, उरलेली आम्ही शेजारी वाटतो. गावात कुणी नवखा घर विचारत आला तर आजही त्याला तीच खूण सांगतात, विहिरीवरचे परेरा, दारात पेरू आहे ते.