आमची वाटचाल : जोडणीच्या बोर्डाकडून बिघाडाच्या बोर्डाकडे

आमच्या वायरमन वर्गात सुरुवातीला रीत ठरलेली होती. फळ्यावर आकृती, मग जोडणी, दिवा लागला की पास. जिन्याच्या टू-वेपासून गोडाऊन वायरिंगपर्यंत मुलं सफाईने जोडायची आणि साइटवर अडायची, कारण तिथे आकृती कुणी हातात देत नाही. ग्राहक एवढंच सांगतो, ‘पाऊस पडला की सगळं ट्रिप होतं.’

म्हणून बोर्डच बदलले. ४ बाय ३ फुटी प्लायवर एका खोलीचं पूर्ण वायरिंग, पुढे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (जाणारा आणि परतणारा करंट जुळला नाही, की वीज तोडणारं उपकरण) आणि मागे कुलूपबंद पेटीत टॉगल, म्हणजे छोटे स्विच. एकेक टॉगल एकेक बिघाड घालतो. पहिल्या बोर्डात एका तक्रारीला एकच कारण ठेवलं, ते चुकलं. मुलांनी उत्तरं पाठ केली. आता एका तक्रारीमागे किमान तीन कारणं असतात.

मुलाच्या हातात पडते ती फक्त तक्रारीची चिठ्ठी. उदाहरणार्थ : ‘सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, पंखा चालत नाही.’ नवशिका ‘दोन फेज आले’ म्हणून सॉकेट बदलायला घेतो. आमचा नियम असा, की पेचकस उचलण्याआधी शक्यता लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर ती खोडणारी चाचणी लिहायची. दोन वेगळे फेज असते, तर मीटरने दोन भोकांत ४०० व्होल्टच्या आसपास दाखवलं असतं. तो शून्याजवळ आहे, म्हणजे दोन्हीकडे एकच फेज. मग खोलीतली बटणं बंद करायची. दुसऱ्या भोकातला टेस्टर विझला, की उलगडा होतो : मागे न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) तुटलाय आणि चालू बल्बमधून फेज फिरून त्या तारेवर आलाय. ‘न्यूट्रलच आहे’ म्हणून हात लावणारा इथेच शॉक खातो. हे पानावर दहादा वाचून डोक्यात बसत नाही, स्वतः शोधलं की बसतं.

सर्वांत जास्त वेळ जातो आरसीसीबीच्या तक्रारीत. दोषी सर्किटची एमसीबी (जादा करंट आला की सर्किट तोडणारा स्विच) पाडली तरी ट्रिप होत राहतं, आणि मुलं आरसीसीबीच खराब ठरवतात. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि तो पुढे कुठे अर्थला टेकला असेल, तर बाकीच्या सर्किटांचा परतीचा करंटही त्या वाटेने अर्थमध्ये पळतो. शोधायची पद्धत : मेन बंद, प्लग आणि एलईडी दिवे काढून, न्यूट्रल लिंकवरची (सगळे न्यूट्रल जिथे जोडतात त्या पट्टीवरची) एकेक तार सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) अर्थशी मोजायची. एक मेगाओमच्या खाली येईल ती धरायची. एसपीडी (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारं उपकरण) असेल तर आधी सोडवायचा, नाहीतर चांगली तार खराब दिसते.

ढिल्या स्क्रूसाठी बिघाड घालत नाही, बोर्ड जळेल. तिथे हिशेब करायला लावतो. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो. टर्मिनलवर अर्धा ओम जरी रोध आला, तरी तिथे ३८ वॅट उष्णता होते, म्हणजे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त.

सध्या थ्री फेज बोर्ड बांधतोय, न्यूट्रल सुटल्यावर काय होतं ते दाखवायला. दोन फेजवर १०० वॅटचे आणि तिसऱ्यावर १५ वॅटचे बल्ब, प्रत्येक फेजवर दोन-दोन सिरीजमध्ये. न्यूट्रल काढला, की १५ वॅटच्या जोडीवर ३०० च्या वर व्होल्ट चढतात. एकेकटा बल्ब लावला असता तर तो उडालाच असता, म्हणून जोडी.