टायरांची अदलाबदल: वेळेवर केली तरच उपयोगाची

गेल्या आठवड्यात गाडी जॅकवर असताना पुढच्या टायरवरून सहज तळहात फिरवला. एका दिशेने हात गुळगुळीत सरकला, उलट दिशेने मात्र करवतीचे दाते लागावेत तसा अडखळला. वरवर पाहता त्याच टायरची नक्षी अगदी धडधाकट दिसत होती.

पुढची चाके गाडी ओढतात अशा मोटारीत इंजिनाचे वजन, वळणावरची घासाघीस आणि ब्रेकचा मोठा भार हे सारे पुढच्या दोन टायरांच्याच वाट्याला येते, त्यामुळे ते मागच्यांपेक्षा बरेच लवकर झिजतात. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६ मिलिमीटरवर, म्हणजे खाचांमधल्या आडव्या उंचवट्यांच्या पातळीला रबर आले की तो बदलावाच लागतो. म्हणूनच दर ८ ते १० हजार किलोमीटरांनी टायरांच्या जागा बदलाव्यात. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तो प्रमाण मानावा.

‘झीज दिसू लागली की बघू’ हे धोरण मला चुकीचे वाटते. पुढे ३ आणि मागे ६ मिलिमीटर नक्षी उरल्यावर अदलाबदल केली, तर झिजलेली जोडी मागे जाते आणि ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू आधी घसरण्याची शक्यता वाढते, जी सावरणे सामान्य चालकाला फार अवघड जाते.

पुढची चाके ओढतात अशा गाडीत पुढचे टायर सरळ मागे जातात आणि मागचे बाजू बदलून पुढे येतात. ज्यांच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, ते मात्र त्याच बाजूला पुढे-मागे करावेत, आणि पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर हा खटाटोपच नको. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत झिजेतला फरक डिफरन्शियललाही, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीलाही, त्रास देतो, म्हणून तिथे चालढकल अधिक महागात पडते. जागा बदलल्यावर हवेचा दाब नव्या जागेप्रमाणे भरावा आणि शंभरेक किलोमीटरांनंतर नट पुन्हा आवळून पाहावेत, कारण हेच हमखास विसरले जाते.

माझ्या टायरवरचे ते दाते मात्र निव्वळ जागा बदलून जाणारे नव्हते. चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे त्यांच्या कोनांची जुळणी, बिघडलेले असताना अदलाबदल केली असती, तर मागून आलेली चांगली जोडीही तशीच खरवडली गेली असती. म्हणून आधी अलाइनमेंट करून घेतले आणि टायर त्यानंतरच हलवले.