तुम्ही विचारलंत म्हणून: ती जुनी बाग अजून का ठेवली?

आमच्या शिराझच्या, म्हणजे वाइनसाठीच्या काळ्या द्राक्षाच्या बागेबद्दल हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. गावातली आणि घरातली म्हणतात, "ताई, ती शिराझ अजून कशाला ठेवलीस? एकरी पावणेदोन टनात काय उरतं?" टेस्टिंगला, म्हणजे मी केलेली वाइन चाखायला येणारी पुण्या-मुंबईची माणसं ग्लास फिरवत म्हणतात, "ही चव जुन्या वेलींमुळेच ना?" पहिल्यांना मी इतकी वर्षं "बघू पुढच्या छाटणीला" म्हणत आले आणि दुसऱ्यांना "हो". दोन्ही उत्तरं वेळ मारून नेणारी होती.

आधी एक गोंधळ मिटवते. बाटलीतली वाइन जुनी नाही, दोन वर्षांची आहे. जुनी आहे ती वेल. इंग्रजीतले 'वाइन' आणि 'व्हाइन' (वेल) हे दोन शब्द आपल्या कानाला एकच लागतात, म्हणून दर वेळी हे सांगावं लागतं. लागवड 2001 ची, दिंडोरी तालुक्यात, डॉगरिज खुंटावर, म्हणजे मुळं डॉगरिज जातीच्या वेलीची आणि वर शिराझचं कलम. ऑस्ट्रेलियात बरोसा खोऱ्यात 35 वर्षं झाल्याशिवाय वेलीला जुनी म्हणत नाहीत, आणि शंभरी ओलांडलेली शिराझ तिथे आजही फळ देते. दक्षिण आफ्रिकेतही जुन्या बागेच्या प्रमाणपत्राला 35 वर्षांचीच अट आहे. त्या हिशोबाने आमची वेल तरुण आहे. पण तिकडची वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आमची झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबरात फळछाटणी, वर्षातून दोनदा कात्री, आणि दोन्ही वेळा नव्याने फुटायचं. खाण्याच्या द्राक्षाची बाग आमच्याकडे पंधरा वर्षांत थकली असं धरतात. म्हणून मी हिला जुनी म्हणते. लेबलवर मात्र तसं लिहीत नाही, तिथे फक्त लागवडीचं साल आहे. विक्रीवाल्यांनी खूप सांगून पाहिलं.

आता खरं उत्तर.

2001 साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं तेव्हा मी बारावीत होते. वायनरीचा, म्हणजे वाइनच्या कारखान्याचा, करार दहा वर्षांचा होता आणि इंग्रजीत होता. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. ओसरीवर बसून दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकेक पान मराठीत सांगितलं. भाव सांगितला, रोपं कोण देणार ते सांगितलं. 'गुणवत्तेच्या अधीन राहून माल स्वीकारला जाईल' हे वाक्य एका दमात वाचून पुढे गेले. दादांनी थांबवलं, "म्हंजी काय?" मी म्हटलं, "म्हणजे माल चांगला पाहिजे." "आपला चांगलाच असतो," म्हणाले आणि सही केली. चार एकर.

मी पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि एका वायनरीच्या लॅबमध्ये लागले. दादांचा करार दुसऱ्या वायनरीशी होता. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर हॉटेलं रिकामी पडली, त्यात मंदी, वाइन टाक्यांमध्येच राहिली. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस आला आणि मागोमाग डाउनी, वेलीवरचा बुरशीचा रोग. दादांनी दिवसाआड फवारण्या करून अर्धा माल वाचवला.

फेब्रुवारी 2010. गेटजवळ टेबल टाकून मी बसलेली, रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि पीएच मीटर घेऊन. पीएच चढला की रसाचा आंबटपणा कमी समजायचा. वरून सूचना होती: पीएच 3.7 च्या वरचा माल परत. आदल्या वर्षी आम्ही 3.9 चासुद्धा घेतला होता, टार्टरिक ॲसिड घालून रस दुरुस्त केला होता. आमच्या भागात जवळजवळ सगळी बाग डॉगरिजवर, आणि डॉगरिज जमिनीतलं पोटॅश भरपूर ओढतो, त्याने पीएच चढतो. लॅबमधल्या प्रत्येकाला हे पाठ होतं. त्या आकड्याला बहुतेक गाड्या परत जाणार हे सूचना देणाऱ्यालाही कळत होतं आणि मलाही. टाक्या भरल्यात असं तोंडाने सांगायचं नव्हतं, म्हणून आकडा पुढे केला होता.

त्या आठवड्यात मी माल परत केल्याच्या अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. निफाडकडचा एक शेतकरी होता. म्हणाला, "ताई, मागच्या साली ह्योच प्लॉट तुम्ही घेतला ना?" मी म्हटलं, "वरून आलंय." तो भांडला नाही. त्याच्या खालच्या क्रेटमधून रस गळत होता, मधमाश्या आल्या होत्या. त्याने चिठ्ठीची नीट घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली, पैशाची पावती ठेवावी तशी. बाकीच्या दहांचे चेहरे मला आठवत नाहीत. आठवायला हवे होते.

त्याच आठवड्यात दादा पिकअपमध्ये ऐंशी क्रेट घालून त्यांच्या वायनरीवर गेले. दोन रात्री गेटबाहेर गाडीतच झोपले. तिसऱ्या दिवशी माल घेऊन परत आले आणि माझ्या हातात कागद दिला, "हे काय ते वाच." पीएच 3.86. खाली सही होती, गोल अक्षर, कुणा मुलीचं असावं. मी तेच वाचलं जे दिवसभर लिहून आले होते. दादा म्हणाले, "म्हंजी माल खराब?" नाही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "नियम बदललाय." माझ्या टेबलावर काय चाललंय ते सांगितलं नाही.

वाइनचं द्राक्ष दुसरीकडे खपत नाही, हे शहरातल्या पाहुण्यांना कळत नाही म्हणून सांगते. मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजार समितीत कोणी हात लावत नाही, बेदाणा होत नाही. ऐंशी क्रेट आम्ही शेताच्या खड्ड्यात ओतले. झाडावरचा उरलेला माल झाडावरच राहिला. आठवडाभर त्या आंबलेल्या वासात आम्ही जेवत होतो. मला तो वास ओळखीचा होता, कामावर रोज घ्यायचे. त्या आठवड्यापासून टाकीत फर्मेंटेशन सुरू झालं की पहिला अर्धा दिवस मी आत जात नाही. माझी माणसं समजून घेतात.

मार्चमध्ये दादांनी जेसीबी बोलावला. आधी तारा गुंडाळायच्या, तारांचे लोखंडी अँगल काढायचे, मग मशीन. तीन एकर दोन दिवसांत आडवे झाले. चौथ्या एकराच्या तारा काढायला मजुरीचे पैसे उरले नव्हते, आणि जेसीबीवाल्याला पुढच्या दोन शेतांत हेच काम होतं. पाडव्यानंतर येतो म्हणाला. आला नाही. तीन एकरांत आम्ही टोमॅटो लावले.

म्हणजे ही बाग मी वाचवलेली नाही. ती राहून गेली. टेस्टिंगला मी "आम्ही जपलेली बाग" असं म्हणते, ते ऐकून दादा उठून बाहेर जातात.

त्या वर्षी तिला कोणी छाटलं नाही, पाणी दिलं नाही. पुढच्या वर्षी दादांनीच कात्री घेतली, का ते बोलले नाहीत. 2013 मध्ये मी नोकरी सोडून एका लहान वायनरीत आले. मालकांनी एक टाकी मला वापरू दिली, तेव्हा त्या एकराची पहिली वाइन केली. पाच बॅरल. मिरीचा वास, जांभळाच्या सालीसारखा तुरटपणा, आणि घोट गेल्यावरही बराच वेळ तोंडात राहणारी. मला ती फार आवडली. अजूनही आवडते, आणि त्यात मला संकोच वाटत नाही.

पण वयामुळे का? वेल थकली की घड कमी येतात, मणी लहान राहतात, रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून रंग आणि चव दाट. मुळं मुरमात खोल गेलीत, पाण्याच्या चढउताराने वेल लगेच गडबडत नाही, माल एकसारखा पिकतो. हे खरं आहे. मात्र तरुण बागेतही घड विरळून बरंचसं साधता येतं. शेजारच्या 110 आर खुंटावरच्या आठ वर्षांच्या शिराझची वाइन मी दोन वर्षं वेगळी करून पाहिली. एका वर्षी डोळे बांधून चाखली, तर मला आमची ओळखता आली नाही. पीएच तर तिचाच चांगला. म्हणून "हो" म्हणायचं मी थांबवलंय.

सव्वीस वर्षांच्या मला मी पुष्कळदा विचारते, तू त्या टेबलावरून उठली का नाहीस? ती म्हणते, त्या महिन्यात घरात येणारा पैसा म्हणजे माझा पगार होता. मी म्हणते, निदान दादांना तरी सांगायचंस. यावर ती गप्प बसते, आणि गेली पंधरा वर्षं मीही तेच केलंय.

भाऊ म्हणतो, या वर्षी काढू, खाण्याच्या द्राक्षाची थॉमसन लावू. त्याचा हिशोब बरोबर आहे. खोडकिड्याने हजारातल्या साडेतीनशे वेली गेल्यात, ओळींमध्ये मोकळ्या जागा दिसतात. मी त्याला नाही म्हटलेलं नाही. हो पण म्हटलेलं नाही.

दादा अजून छाटणीला येतात. माळकरी आहेत, वाइनचा थेंब त्यांनी कधी चाखला नाही. चांगली झाली का, किती बाटल्या निघाल्या, कितीला गेली, यातलं काही विचारत नाहीत. दर वर्षी तोडणी झाली की एकच विचारतात, "पीएच किती आला?" हा शब्द त्यांना त्या चिठ्ठीवरून माहीत. यंदा मी सांगितलं, "3.82."

"मंग घेतला असता का तू?"

तू, असं म्हणाले. मी म्हटलं, "तेव्हा नसता घेतला, दादा."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या वेलीकडे गेले.