नकलेची अस्सल प्रत

माझ्याकडे अमेरिकी गायक बॉब डिलनच्या तबकड्यांच्या एकाच संचाच्या दोन प्रती आहेत आणि त्यांतली एक नकली आहे, असे मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. दुसरी प्रतही कायद्याने तितकीच बेकायदा आहे, हे सांगितले की मात्र त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. मग अस्सल कोणती, असा प्रश्न येतो, आणि गेली नऊ वर्षे न्यू जर्सीतल्या रेकॉर्डांच्या बाजारांतून खोकी उपसत हिंडताना मी याच प्रश्नाच्या मागे आहे.

संचाचे नाव 'ग्रेट व्हाइट वंडर'. दोन तबकड्यांचा हा संच १९६९ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या दुकानांत दिसू लागला. त्याचे कव्हर पांढरे आणि पूर्णपणे कोरे होते. गायकाचे छायाचित्र नाही, गाण्यांची यादी नाही, कंपनीचे नावही नाही. पुढच्या प्रतींवर रबरी शिक्क्याने हे नाव उमटवलेले असे. रॉक संगीतातले पहिले गाजलेले बूटलेग म्हणून त्याची नोंद होते. बूटलेग आणि बनावट प्रत यांत संग्राहक फरक करतात. बनावट प्रत ही कंपनीने विकलेल्या तबकडीची हुबेहूब नक्कल असते, तर कंपनीने कधी विकायला काढलेच नाही ते बूटलेगमध्ये असते. नैतिकदृष्ट्या हा फरक फार मोठा आहे असे मी म्हणणार नाही, कारण गायकाच्या हाती दोन्हीकडे काहीच पडत नाही.

हे प्रकरण उद्भवले ते डिलनच्या मौनातून. २९ जुलै १९६६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ त्याला मोटरसायकलचा अपघात झाला आणि त्यानंतर त्याने दौरे थांबवले. पुढच्या वर्षी वेस्ट सॉगर्टीज इथल्या 'बिग पिंक' नावाच्या घराच्या तळघरात तो आणि पुढे 'द बँड' म्हणून प्रसिद्ध झालेले वादक जमत, जुनी-नवी गाणी म्हणत, आणि त्यांच्यातलाच गार्थ हडसन ती टेपवर घेत असे. यांतली चौदा गाणी इतर गायकांनी गावीत म्हणून डिलनच्या प्रकाशन संस्थेमार्फत फिरवली गेली. 'माइटी क्विन' हे त्यांतलेच. १९६८ च्या सुरुवातीला मॅनफ्रेड मान यांच्या गटाने ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. गाणे सगळ्यांच्या तोंडी, पण ज्याचे आहे त्याच्या आवाजात मात्र मिळत नाही, अशी ही विचित्र अवस्था होती. त्याच वर्षी जूनमध्ये 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने तळघरातली ही टेप प्रसिद्ध करावी असे पहिल्याच पानावर लिहिले. कंपनीने ते मनावर घेतले नाही. दुसऱ्या कोणीतरी घेतले.

'ग्रेट व्हाइट वंडर'मध्ये तळघरातली गाणी सातच आहेत. उरलेल्या जागेचा बराच भाग २२ डिसेंबर १९६१ रोजी मिनियापोलिसमध्ये घेतलेल्या एका घरगुती टेपने व्यापला आहे. 'मिनेसोटा हॉटेल टेप' या नावाने ती ओळखली जाते, मात्र ती हॉटेलात नव्हे तर एका मैत्रिणीच्या घरी घेतलेली आहे. तेव्हा डिलन वीस वर्षांचा होता आणि त्याची पहिली तबकडी बाजारात यायला अजून तीन महिने होते. शेवटचे गाणे तर थेट गायक जॉनी कॅशच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून उचललेले आहे. या मांडणीत ना काळाचा क्रम आहे ना आवाजाचा मेळ. हाती लागले ते बोचक्यात बांधावे, तसा हा संच बांधलेला आहे, आणि मला तो याच कारणासाठी प्रिय आहे.

माझ्या नकली प्रतीची गोष्ट अशी. सहा वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने मला 'अगदी सुरुवातीची' म्हणून एक प्रत दिली आणि मीही, उत्साहाच्या भरात, फारशी घासाघीस न करता ती घेतली. घरी आल्यावर तिसऱ्या बाजूवर एका ठिकाणी टक् असा आवाज आला. धूळ असेल म्हणून मी तबकडी धुतली. आवाज तिथेच होता. दुसऱ्यांदा धुतली, सुई बदलली, भिंगातून खाच पाहिली. कुठे चरा दिसेना. एका ओळखीच्या संग्राहकाने आपली प्रत आणून शेजारच्या टर्नटेबलवर लावली तेव्हा उलगडा झाला. त्याच्या प्रतीत तो आवाज नव्हता. माझी प्रत टेपवरून काढलेलीच नव्हती. कोणीतरी बाजारातला एक संच विकत घेतला, तो वाजवून त्यावरून नवा साचा केला आणि त्या मूळ तबकडीवरचा ओरखडा माझ्या तबकडीच्या खाचेत कायमचा कोरला गेला. तो पाण्याने कसा जाणार?

चोराच्या घरी चोरी झाल्यावर तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न त्या काळीही होता. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याने स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून, आणि तेही त्या तारखेनंतरच्या ध्वनिमुद्रणांना. त्याआधी काही राज्यांचे कायदे होते आणि गीतकाराचे हक्क होते, पण बूटलेग काढणाऱ्याला स्वतःचा माल वाचवायला यांतले काहीच उपयोगाचे नव्हते. त्यामुळे 'ग्रेट व्हाइट वंडर'च्या नकला आणि नकलांच्या नकला निघत गेल्या, आणि प्रत्येक पायरीला आवाज थोडा गढूळ होत गेला. पुण्यात बाबांकडे मैफलींच्या कॅसेटींचा एक खोका होता. कोणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली, तीही तिसऱ्याच कोणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली. तानपुऱ्याच्या जागी नुसती वाफ ऐकू यायची. त्यामुळे हा गढूळपणा मला लहानपणापासून ओळखीचा आहे. फरक इतकाच की बाबांच्या खोक्यातल्या प्रतींचे पैसे कोणी घेतले नव्हते.

मग प्रत ओळखायची कशी? कव्हरवर काही लिहिलेले नसते आणि लेबल कोरे असते किंवा मुद्दाम दिशाभूल करणारे. उरते ती लेबलाभोवतीची गुळगुळीत पट्टी, जिला इथले लोक 'डेड वॅक्स' म्हणतात. तिथे साचा ओळखण्यासाठी हाताने कोरलेले आकडे असतात आणि दिवा तिरका धरला तरच ते वाचता येतात. शिक्क्याच्या शाईवर मी विश्वास ठेवत नाही, कारण रबरी शिक्का कोणीही करून घेऊ शकतो. 'ग्रेट व्हाइट वंडर' काढणाऱ्या मंडळींनीच पुढे 'ट्रेड मार्क ऑफ क्वालिटी' या नावाने तबकड्या काढल्या. त्यांवर डुकराचे चित्र असे, कित्येक रंगीत प्लॅस्टिकच्या असत आणि काहींची कव्हरे विल्यम स्टाउट या चित्रकाराने काढलेली आहेत. नाव सांगायची चोरी असणाऱ्यांनीच गुणवत्तेचा शिक्का मिरवावा, हा विनोद त्यांनी समजूनउमजून केला असणार.

बूटलेगवरच्या मजकुरावर विसंबू नये, हा धडा १९६६ च्या एका कार्यक्रमानेही दिला आहे. 'रॉयल अल्बर्ट हॉल' म्हणून वर्षानुवर्षे विकला गेलेला तो कार्यक्रम प्रत्यक्षात १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झाला होता. श्रोत्यांतून कोणीतरी डिलनला 'जुडास', म्हणजे विश्वासघातकी, म्हणून हाक मारली ती तिथेच. कंपनीने १९९८ मध्ये तो अधिकृतपणे प्रसिद्ध केला तेव्हा मुखपृष्ठावर 'रॉयल अल्बर्ट हॉल' हेच नाव अवतरणचिन्हांत ठेवले. बेकायदा तबकडीवरची चूक अशी मालकाच्या दफ्तरी दाखल झाली.

आज तळघरातली गाणी ऐकण्यासाठी कोणालाही बूटलेग लागत नाही. १९७५ मध्ये त्यांचा अधिकृत संच आला, त्यात २४ गाणी होती, त्यांतली आठ डिलनशिवाय 'द बँड'ची, आणि काहींवर नंतर वाद्ये चढवलेली होती. २०१४ मध्ये सहा सीडींवर १३८ ध्वनिमुद्रणे आली आणि ती माझ्या पांढऱ्या संचापेक्षा कितीतरी स्वच्छ वाजतात. कामावर जाताना मी तीच ऐकते. पांढऱ्या संचात मला जे मिळते ते वेगळे आहे. १९६९ मध्ये हा संच घेऊन घरी गेलेल्या माणसाला काय माहीत नव्हते, ते त्यात ऐकू येते. कुठले गाणे कधीचे, सोबत कोण वाजवते आहे, ज्या गाण्याच्या नावात 'होमर' आहे त्यात डिलन 'रिचर्ड' असे का म्हणतो आहे, यांतले काहीच त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

माझ्या प्रतीतला तो टक् आवाज येतो तो 'ईस्ट ऑरेंज, न्यू जर्सी' या भागात. हे गाणे नव्हे, वीस वर्षांच्या डिलनने रंगवून सांगितलेली थाप आहे. त्या गावातल्या एका कॉफीगृहात सगळे बुद्धिबळ खेळत असतात आणि गायल्याबद्दल त्याला पैशांऐवजी मोहरे देतात. गाव मात्र खरे आहे. आजारी लोकगायक वुडी गथ्री इस्पितळातून रविवारी तिथल्या एका कुटुंबाकडे येत असे आणि १९६१ च्या सुरुवातीला डिलन त्याला भेटायला तिथे जात असे. माझी रोजची गाडी त्याच स्थानकावरून जाते. आता स्वच्छ प्रत हाती आली आहे, पण ती लावली की त्या गोष्टीच्या मध्यावर मी अजूनही नकळत त्या आवाजाची वाट पाहते.

गेल्या महिन्यात एका विक्रेत्याने शिक्का नसलेली, साफ कोऱ्या कव्हरची प्रत दाखवली. तो म्हणाला, पहिल्या खेपेतली आहे. मी विचारले, यावर मागाहून शिक्का मारायचा राहून गेला नाही कशावरून, किंवा कोणी परवाच नवे पांढरे कव्हर घातले नाही कशावरून? तो हसला आणि किंमत वीस डॉलरने खाली आणली. डेड वॅक्सवरचे आकडे मी कागदावर उतरवून आणले आहेत आणि माझ्या दोन्ही प्रतींशी ताडून पाहिले आहेत; ते माझ्या स्वच्छ प्रतीशी जुळतात. रविवारी तो बाजार पुन्हा भरणार आहे आणि मी भिंग पर्समध्ये टाकून ठेवले आहे.