तुम्हाला भावंडं किती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नवी ओळख झाली की हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याच्या मनात काही वावगं नसतं. मी उत्तराला जरा वेळ लावला, तेव्हा तुम्ही ओशाळून "राहू दे" म्हणालात. राहू देऊ नका. आम्ही दोघं. मी आणि माझा धाकटा भाऊ. तो 24 वर्षांचा असताना गेला.

सुरुवातीला मी "एकटीच" असं सांगून मोकळी व्हायचे. समोरच्याचा चेहरा पडलेला बघवत नसे. एकदा आई शेजारी असताना तसं बोलून गेले. ती तिथं काही म्हणाली नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "मला मात्र दोन मुलं आहेत हं." तेव्हापासून दोघं.

मग पुढचा प्रश्न येतो, कसा गेला? फुटबॉल खेळताना मैदानातच कोसळला. शवविच्छेदनात कळलं की हृदयाचा स्नायू जाड झाला होता. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. साधारण 500 माणसांत एकाला हा आजार असतो. अनेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही, काहींच्या हृदयाची लय मात्र एकाएकी बिघडते. बहुतेक वेळा तो आनुवंशिक असतो. आई किंवा वडिलांकडे तो जनुकीय दोष असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता 50 टक्के. म्हणून आम्हा तिघांचे ईसीजी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाले. बाबांच्या हृदयाची भिंत जाड निघाली. त्यांना कधी साधी धापही लागली नव्हती. तो रिपोर्ट त्यांनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि आठवडाभर तो शर्ट धुवायला दिला नाही.

त्याआधी काही महिने भाऊ धावता धावता शुद्ध हरपून पडला होता. लगेच उठून बसला, "ऊन लागलं" म्हणाला, आम्हीही मान डोलावली. तुमच्या घरात कुणी पळताना, खेळताना असं पडलं, तर कृपा करून उन्हावर ढकलू नका. हृदय तपासून घ्या. आणि कुणाचं हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची, ते शिकून घ्या. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. मदत मिळाली नाही तर जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी कमी होते. त्या दिवशी मैदानावरच्या कुणालाच ते येत नव्हतं. त्या मुलांवर माझा राग नाही, मलाही कुठं येत होतं? आता आम्हा सगळ्यांना येतं.

तो कसा होता, हे मात्र फार कुणी विचारत नाही. मला तेच सांगायचं असतं.

बुटांची नाडी त्यानं कधी सोडली नाही. तसाच पाय कोंबायचा, त्यामुळे टाचा कायम चेपलेल्या. हाक मारली की "आलो" आधी, काय काम आहे ते मागाहून. शेजारच्या आजोबांना कमी दिसतं, म्हणून त्यानं त्यांच्या फोनमधली अक्षरं मोठी केली आणि प्रत्येक नंबराला त्या त्या माणसाचा फोटो लावून दिला. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

त्या फोनची काच आता तडकली आहे, बॅटरी अर्धा दिवससुद्धा पुरत नाही. मुलानं आणून दिलेला नवा फोन आजोबांनी खोक्यातच ठेवला होता. परवा मी कारण विचारलं, तर त्यांनी जुना फोन माझ्यापुढे धरला. पहिल्या रांगेत माझा भाऊ, जीभ बाहेर काढून.

"हा नव्यात येतो का गं?"

म्हटलं, येतो. मग आम्ही दोघांनी बसून सगळे फोटो नव्या फोनमध्ये घेतले. त्याचा पहिल्याच रांगेत लावला, होता तिथं.