ताई म्हणल्या, नुसतं शेजारी बसा

परवा परभणीतल्या एका शाळेत आमचा ऑफिसचा सात जणांचा ग्रुप गेला होता, स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्या लेकरांसोबत दिवस घालवायला. तयारी जंगी, फुगे, ब्लूटूथ स्पीकर, दोन गाणी बसवलेली, एकानं तर जोकरची टोपी पण आणलेली. तिथं शिकवणाऱ्या ताईंनी गेटवरच सगळं गाडीत ठेवायला लावलं. फुगा फुटला की काही लेकरं कान दाबून बसतात, मग दिवसभर सावरत नाहीत म्हणे. मग आम्ही करायचं काय? "काही नाही, नुसतं शेजारी बसा." लई अवघड असतंय बरं का हे.

भिंतीवर दिवसाचं टाइमटेबल होतं, पण चित्रांचं. प्रार्थना, खेळ, डबा, बस अशी कार्डं वेल्क्रोनं चिकटवलेली, एक गोष्ट संपली की ते कार्ड काढून खालच्या "झालं" लिहिलेल्या डब्यात टाकायचं. पुढं काय होणार ते आधी दिसलं की लेकरं बिथरत नाहीत. त्या दिवशी एक जास्तीचं कार्ड होतं, "पाहुणे". म्हणजे आम्ही.

माझ्या वाट्याला आठ-नऊ वर्षांचा एक आला, ज्वारीच्या टोपल्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेला. मी विचारलं नाव काय तुझं, तो म्हणाला "नाव काय तुझं". मला वाटलं चिडवायलाय. ताई म्हणल्या, ऐकलेलं तसंच परत म्हणणं ही त्याची बोलायची रीत, भूक लागली की तो "जेवलास का" म्हणतो, कारण घरी जेवायच्या वेळी हेच कानावर पडतं. मग मी बी गप हात घातला ज्वारीत. खरं सांगू, गार गार बरं वाटायलं.

मधेच तो स्वतःशीच मोठी स्टेशनं म्हणायला लागला, परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर, जालना. मी पण सुरू केलं, "परभणी, सेलू..." तर माझ्याकडं न बघताच गपकन मनगट धरलं, "मानवत रोड!" नंतर मी मुद्दाम चार वेळा मानवत रोड गाळलं, चारही वेळा पकडलं पठ्ठ्यानं. आणि टोपलं थोडं माझ्याकडं सरकवलं.

डब्याच्या सुट्टीत एक आई भेटल्या, तालुक्यावरनं रोज एसटीनं लेकराला घेऊन येतात. दोन-तीन वर्षं सगळे म्हणायचे, बोलंल उशिरा, त्याचा आजा बी उशिराच बोलला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, सर्टिफिकेट पण मिळालंय त्यांना. "पण एसटीत लेकरू ओरडलं तर लोक म्हणतात वळण नाही, तिथं काय सर्टिफिकेट दाखवत बसू का?" मी काय बोलणार.

तीनच्या सुमारास माझा ज्वारीवाला दोस्त उठला, भिंतीवरचं "पाहुणे" काढलं, डब्यात टाकलं, "झालं" म्हणाला आणि दप्तर घेऊन बसच्या कार्डाखाली जाऊन उभा राहिला. आमच्यातला एक जण अजून ताईंना विचारतच होता, एक ग्रुप फोटो घेऊ का म्हणून.