लाईट गेली म्हणजे लाईन बंद झाली असं नसतं

मी सिंधुदुर्गात वीज कंपनीच्या एका सेक्शन ऑफिसला ज्युनिअर इंजिनिअर आहे, मूळची सांगलीकडची. मान्सूनपूर्व देखभाल म्हणून आमच्याकडे जे काय चालतं त्यातलं निम्म्याहून जास्त काम म्हणजे नुसती झाडं. लोकांना वाटतं चार माणसं कोयते घेऊन येतात, फांद्या उडवतात आणि त्यासाठी अख्खी दुपार लाईट घालवतात. शिव्या रीतसर मिळतात, त्याचं काही नाही. पण तोडायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ काय तोडायचं, कधी तोडायचं आणि कुणाला विचारून तोडायचं यात जातो हे बाहेरून कळत नाही.

एप्रिलमध्ये 11 केव्ही फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणारी 11 हजार व्होल्टची लाईन, चालत फिरायचा. गाडीवरून दिसत नाही, कारण कोकणात लाईन रस्त्याने जातच नाही, ती व्हाळातून (ओढ्यातून), बागेतून, कुणाच्या परसातून जाते. प्रत्येक गाळा, म्हणजे दोन पोलमधला टप्पा, बघायचा, पोल नंबर लिहायचा, झाड कुठलं, कुठल्या बाजूला झुकलंय. आमचे सीनियर लाईनमन, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, त्यांनी पहिल्याच वर्षी मला शिकवलं की तार आणि फांदी यातलं अंतर नंतर बघा मॅडम, आधी पानं बघा. शेंडे करपलेले असतील तर ती फांदी रात्री वाऱ्याला लागून येते, दिवसा कितीही लांब दिसली तरी.

आणि बांबू. बांबूबद्दल मी कितीही बोलू शकते. आंबा, फणस जागेवर असतात, वर्षभरात किती वाढतील याचा अंदाज येतो. बांबूचा नवा कोंब पावसात जमिनीतून निघतो आणि त्याच हंगामात पूर्ण उंची गाठतो, म्हणजे मे महिन्यात जे बेट स्वच्छ आहे ते ऑगस्टमध्ये तारेत. त्यात दुसरी गोची अशी की उन्हात तार गरम होऊन खाली येते आणि कोरडा बांबू ताठ उभा असतो, पावसात तार थोडी वर जाते पण बांबू पानांवरच्या पाण्याच्या वजनाने एवढा वाकतो की थेट कंडक्टरवर आडवा. म्हणून एप्रिलची यादी ही एप्रिलचीच असते, पहिला मोठा पाऊस झाला की अण्णा परत एक चक्कर मारतात आणि यादीचा क्रम बदलतो.

क्रम कसा लावायचा हा खरा अभ्यास आहे. उपकेंद्राजवळच्या मेन लाईनवर फांदी पडली तर सगळा फीडर जातो, एबी स्विचच्या (फाटा तोडायच्या पोलवरच्या स्विचच्या) पलीकडच्या टॅपिंगवर, म्हणजे मेन लाईनच्या फाट्यावर, पडली तर स्विच उघडून बाकीची गावं चालू करता येतात. मग टॅपिंगवर काय आहे ते बघायचं. नळपाणी योजनेचा पंप आहे का, आरोग्य केंद्र आहे का. चार तासांच्या आउटेजमध्ये, म्हणजे कामासाठी ठरवून लाईन बंद ठेवतो तेव्हा, एक गँग जेवढं करू शकते तेवढंच यादीत वर ठेवायचं, बाकी पुढच्या वेळी.

आमच्या यादीत वरच एक हापूस होता. एका वाडीत, घराच्या मागे, 11 केव्हीच्या अगदी बाजूला. मालकीण सत्तरीच्या पुढची, आम्ही त्यांना काकी म्हणायचो. मार्चपासून एकच उत्तर, आंबे उतरून झाल्याशिवाय फांदीला हात लावायचा नाही. मी कायदा सांगायला गेले तर म्हणाल्या, "आंबो आधीचो गो बाय, लायन मागसून इली." आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. वीज कायदा 2003 च्या कलम 68 मध्येच लिहिलंय की लाईनला अडथळा करणारं झाड काढता येतं, पण झाड लाईनच्या आधीचं असेल तर मालकाला भरपाई द्यावी लागते. शिवाय आंबा, फणस ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली. आम्हाला झाड तोडायचंच नव्हतं, लाईनच्या बाजूच्या फांद्या फक्त घ्यायच्या होत्या, पण मोहोर धरल्यापासून ज्या फांदीवर पोराबाळासारखं लक्ष ठेवलंय ती कोण देईल. मीही दिली नसती. ठरलं की 25 मेनंतर, आंबे उतरल्यावर, पाऊस यायच्या आधी.

मग आला 2025 चा मे. 20 तारखेपासूनच कोकणात पाऊस सुरू झाला आणि 25 ला हवामान खात्याने मान्सून सिंधुदुर्गात आल्याचं जाहीर केलं. एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. आमचं सगळं नियोजन 31 मेपर्यंतचं, ते पाण्यात. बागायतदारांचं तर विचारूच नका, झाडावरचा आंबा डागाळायच्या आत उतरवायला सगळीकडे धावपळ, कॅनिंगला जाईल तो जाईल. आमचं आउटेज मंगळवारी 27 ला ठरलेलं, सकाळी 10 ते 2, तसे मेसेज सगळ्यांना गेलेले.

मंगळवारी सकाळी उपकेंद्रातून फोन आला की शेजारचा फीडर रात्रीच्या पावसात पडलाय, त्याची काही गावं तुमच्या फीडरवर घेतलीयत, तुम्हाला 11 च्या आधी परमिट, म्हणजे लाईन बंद करून काम करायची परवानगी, मिळणार नाही. ठीक आहे म्हटलं, तोपर्यंत बांबूच्या बेटाकडे बघून येऊ, दोर, आकडी, कोयते तिथे उतरवून ठेवू. ते बेट काकींच्या घराच्या पुढच्याच गाळ्यात.

तिथे पोचलो तर अख्ख्या वाडीत लाईट नव्हती. अण्णांनी ट्रान्सफॉर्मरकडे बघितलं, डीओ (ट्रान्सफॉर्मरच्या 11 केव्ही बाजूचा फ्यूज, उडाला की खाली लोंबतो तो) लोंबकळत होता, पहाटे कधीतरी फ्यूज उडालेला. म्हणजे घरांत अंधार, फोन डिस्चार्ज, आणि वर 11 केव्ही चालू. तेवढ्यात अण्णा थांबले आणि माझ्या दंडाला धरलं. आंब्यावर काकींचा नातू होता, कॉलेजचा पोरगा, लाईनच्या बाजूच्याच फांदीवर, हातात घळ, म्हणजे आंबे काढायची लांब काठी. घळीचा बांबू रात्रभर पावसात भिजलेला. वाडीत सगळ्यांना दहाचा मेसेज माहीत होता, लाईट गेलेली होती, पोराने हिशोब केला की लाईन बंद झाली, आता तिकडच्या बाजूचे राहिलेले आंबे काढून घ्यावेत, नाहीतर एरवी तिथे कोण जातं. हिशोब तसा बरोबरच वाटेल कुणालाही.

मी ओरडणार होते. अण्णांनी हाताने थांबवलं, कारण दचकून तो वळला असता आणि घळ वळली असती. ते शांतपणे, नेहमी बोलतात तसं म्हणाले, "झिला, लायन चालू आसा. हलू नको. घळ आसा तशीच घराच्या बाजूक धर, वर करू नको." पोरगा जागीच थिजला. घळीचं टोक आणि तार यात किती अंतर होतं ते मी इथे लिहीत नाही, नजरेने बघितलेलं अंतर अशा वेळी कुणाचंच खरं नसतं. मी उपकेंद्राला फोन लावला. पावसात आमच्याकडे रेंजची काय बोंब असते ते सगळ्यांना माहीतय, पण लागला. ऑपरेटरला म्हटलं, फीडर ट्रिप कर, माणूस आहे लाईनजवळ, नंतर बोलते. त्याने एक प्रश्न विचारला नाही. ट्रिप केला, मॅडम, बंद आहे, एवढंच बोलला. तरीही पोराला खाली उतरायला सांगताना अण्णा म्हणाले, तारेपासून लांबच्या बाजूने उतर. ट्रिप म्हणजे बंद हे आम्ही मानत नाही, जोवर एबी स्विच उघडून, टेस्टरने बघून, डिस्चार्ज रॉड लावून दोन्ही बाजूंना अर्थिंग होत नाही, म्हणजे तार जमिनीला जोडली जात नाही. कुणाच्या घरचा जनरेटर नीट चेंजओव्हर न लावता चालू असेल तर ट्रान्सफॉर्मरमधून उलटा 11 केव्ही तयार होतो, ते कधी कळत पण नाही.

पोरगा खाली आल्यावर काकी त्याला एक शब्द बोलल्या नाहीत, आत जाऊन पाणी घेऊन आल्या, आधी अण्णांना दिलं. मग मला म्हणाल्या, "आता काय व्हया ता तोड." आणि खरं सांगू का, तेव्हा गँगमधल्या दोघांना सगळी बाजूच उडवायची होती, परवानगी मिळालीय तर कशाला सोडा. अण्णांनी तसं होऊ दिलं नाही. फांदी मध्येच छाटली की पुढच्या वर्षी त्या ठुंठाला दहा धुमारे फुटतात, सरळ वर, तारेच्या दिशेने, आणि मूळ फांदीपेक्षा कमकुवत. बेचक्यापाशी, जिथून दुसरी फांदी घराकडे वळते, तिथे कापायची. झाड स्वतःच तिकडे वाढतं.

परमिट रीतसर मिळालं तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि मधे विजा चमकायला लागल्या म्हणून सगळ्यांना झाडांवरून, पोलवरून उतरवलं, त्यात अर्धा तास गेला. बांबूचं बेट झालं, मेन लाईनवरची दोन ठिकाणं झाली, डीओचा फ्यूज बांधला, शाळेजवळचा गुलमोहर राहिला. गुलमोहर टॅपिंगवर आहे आणि शाळा 15 जूनपर्यंत बंद, म्हणून तो सोडायचा निर्णय मी घेतला, त्यावर सरपंचांचा फोन आलाच. अडीचला फीडर चार्ज केला, टिकला. रात्री परत ट्रिप झाला, पण पार दुसऱ्या टोकाला, नारळाची झावळ. त्या बागेसाठी आता पाडेल्याला, म्हणजे माडावर चढणाऱ्याला, सांगून ठेवलंय.

त्यानंतर आउटेजच्या मेसेजखाली एक ओळ मी भांडून घालून घेतली: घरातली लाईट गेली तरी वरची लाईन चालू समजा, आमचा माणूस येऊन सांगेपर्यंत झाडावर चढू नका. आंब्याच्या दिवसांत ही ओळ अण्णा बागांमध्ये जाऊन तोंडी पण सांगतात, कारण मेसेज वाचायला फोन चार्ज लागतो. काकींच्या मागच्या गाळ्यात मधे एक जादा पोल टाकून तार उचलून घ्यायचा प्रस्ताव वर पाठवलाय, अजून मंजुरी नाही. बांबूला मात्र ऑगस्टमध्ये परत जावं लागलं.